शिळ्या वाऱ्याचं मीठ

दि. ४ नोव्हेंबर

चि. गुंजेस मामाचे अनेक आशीर्वाद.

पाहुणा सुखरूप पोचला. तुझ्या यंत्राला मी पाहुणाच म्हणणार. आल्या आल्या त्याने गच्चीतली सगळ्यात मोक्याची जागा अडवली, वीज खातो, दिवसभर एकाच सुरात गुणगुणतो, आणि काम काय करतो म्हणून विचारलं तर म्हणे हवा ओढतो. तुझी मामी म्हणाली, असे पाहुणे आपल्याकडे याआधीही येऊन गेलेत, फक्त त्यांना झाकण नव्हतं.

तुमच्या माणसाने सोबत दिलेले स्क्रू मी वापरले नाहीत. लोखंडी होते. या हवेत ते पुढच्या वर्षी कापूनच काढावे लागले असते. मी पितळी लावले. पाणसळ ठेवून पाहुण्याला सगळ्या बाजूंनी सपाट बसवला, कारण त्याला कललेला चालतो असं तुमच्या माहितीपत्रकात कुठेही लिहिलेलं नाही. चालत नाही असंही लिहिलेलं नाही, पण अशा वेळी सपाट असलेलं बरं.

फिल्टर बदलायची तू सांगितलेली रीत तंतोतंत पाळतो. हातमोजे, चिमटा, श्वास बाजूला. चिमटा तुमचा नाही, माझा. बारीक वजनं उचलायचा तो, त्याने आजवर एकही वजन पाडलेलं नाही. काढला की फिल्टर लगेच पाकिटात, पाकीट लगेच डब्यात, डबा लगेच बर्फपेटीत. पाकिटावर तारीख, वेळ आणि वारा लिहितो. वाऱ्याच्या रकान्यात दिशा लिहा म्हणाली होतीस. पण आपल्या बंदरात नुसत्या दिशेवरून वाऱ्याचं काही कळत नाही, म्हणून त्याचं आपल्या घरातलं नाव लिहितो. तुला कळेलच.

फोन करत जा, असंही म्हणालीस. पाकिटं दर आठवड्याला टपालाने येणारच आहेत, त्यांच्यासोबत चार ओळींचा कागद आला तर तो त्यांना जड होणार नाही. शिवाय फोनवर माझा आवाज चढतो, असं तुझ्या आईचं म्हणणं आहे. कागदावर तो चढत नाही.

हे काम मला दिलंस, बरं केलंस. मी वजनाचे काटे दुरुस्त करायला कुणा उस्तादाकडे शिकलो नाही. मोडका काटा खोलायचा आणि तो का मोडला हे त्यालाच विचारायचं, एवढीच माझी शाळा. त्या शाळेतल्या माणसाच्या गच्चीवर विद्यापीठाचं यंत्र बसलं, याचं मला काय वाटतं ते लिहीत नाही. तू समजून घे.

लोभ आहे तेवढाच असू दे. पारड्यात अंगठा ठेवून वाढवू नकोस.

तुझा,
मामा


दि. १८ नोव्हेंबर

ती. स्व. मामांस गुंजेचा सा. न. वि. वि.

पाकिटं मिळाली. प्रयोगशाळेत ती उघडायला आम्ही सगळे जमलो होतो, कारण एवढ्या सरळ घड्या घातलेली पाकिटं आमच्याकडे कधी आलेली नाहीत. आमचे सर म्हणाले, तुमचे मामा शिंपी आहेत का? मी म्हटलं, काट्यांचे डॉक्टर आहेत. तेव्हापासून तुम्हाला इथे डॉक्टर म्हणतात. मला ती पदवी अजून मिळायची आहे, हे लक्षात असू द्या.

पाहुणा काय करतो ते नीट सांगते. लाट फुटली की पाण्यात हवेचे बुडबुडे कोंडतात. ते वर येऊन फुटतात, आणि प्रत्येक बुडबुड्याची पातळ साय फाटून तिचे डोळ्याला न दिसणारे थेंब उडतात. पाणी बरंचसं सुकतं, मीठ उरतं. त्या मिठाचे कण वाऱ्यावर बसून कुठल्या कुठे जातात. ते वाटेत जसेच्या तसे राहतात की बदलतात, हा माझ्या प्रबंधाचा सगळा विषय. पाहुणा ते कण फिल्टरवर पकडून ठेवतो, आणि इथे आम्ही मोजतो की सोडियम किती, क्लोरीन किती. समुद्राच्या मिठात या दोघांचं प्रमाण ठरलेलं असतं. ते प्रमाण मोडलं तर समजायचं की वाटेत काहीतरी घडलं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. पाहुणा आमच्याकडे उसना आहे. वारे फिरेपर्यंतचा मोसम आपल्या हातात आहे. तोवरचे निकाल सरांना पटले तर तो तुमच्या गच्चीवर राहील आणि माझा प्रबंध उभा राहील. नाही पटले तर दुसऱ्या बंदरावर काम करणारी एक मुलगी तो मागून बसलीच आहे. मग माझी तीन वर्षं फळ्यावरच राहतील.

आई बरी आहे. तुमची पत्रं ती माझ्याआधी फोडते आणि मग मला म्हणते, तुझ्यासाठी काही विशेष नाही.

मामींना नमस्कार. तुमचा लोभ मोजायला माझ्याकडे यंत्र नाही, म्हणून तो अमाप आहे असं धरून चालते.

तुमची,
गुंज


दि. ९ डिसेंबर

चि. गुंजेस आशीर्वाद.

सोबत पाकिटं आहेत. गेल्या आठवड्यात दुकानात धान्याचे दोन मोठे काटे आले. एकाच्या दांडीखालच्या धारेवर इतका गंज चढला होता की तो शंभराला शंभर म्हणत होता ते केवळ सवयीने. ते काम संपेपर्यंत मामीला मी दिसलो नाही. पाहुण्याला मात्र वेळेवर दिसलो.

तुझ्या बुडबुड्यांवर मी विचार केला. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत आहे असं वाटतं, म्हणून सांगून टाकतो. गच्चीत उभं राहून ओठावर जीभ फिरवली की काही दिवस खारट लागतं आणि काही दिवस फिकं. फिक्या दिवशी वाऱ्यातलं मीठ वाटेतच समुद्रात गळून पडलेलं असतं. लांबून आलेलं ओझं माणूस वाटेत टाकतो, वारा काय करणार? त्यासाठी पाहुण्याची गरज नव्हती. पण आता आला आहे तर राहू दे, मामीला त्याची सवय झाली आहे.

सरांना सांग, शिंप्याला घडी घालता येते, पण मला पाकिटावर सुरकुती चालत नाही. हा फरक त्यांच्या ध्यानात यावा.

लोभाची धार बोथट होऊ देऊ नये.

तुझा,
मामा


दि. १६ जानेवारी

ती. स्व. मामांस सा. न. वि. वि.

हे पत्र मी दोनदा लिहून फाडलं. तिसऱ्यांदा सरळच विचारते.

आत्तापर्यंतच्या पाकिटांपैकी काहींचे निकाल जसे हवेत तसे आलेत, अगदी समुद्रासारखे. पण उरलेल्यांत क्लोरीन फारच कमी आहे, काहींत तर नावाला. मी ती सगळी पाकिटं एका बाजूला मांडली, तर प्रत्येकावर तुमच्या अक्षरात लिहिलेलं होतं: शिळा.

सर म्हणाले, मग कोडं सुटलंच. हे फिल्टर वेळेवर काढले गेले नाहीत, पडून राहिले, आणि तुमच्या मामांनी प्रामाणिकपणे तसं लिहून ठेवलं. पकडलेलं मीठ गावच्या हवेत उघडं पडून राहिलं तर ते तिथेच बिघडतं, हे खरं आहे. ती पाकिटं बाद धरू आणि उरलेल्यांवर काम करू, असं ते म्हणाले. पण उरलेली इतकी थोडी आहेत की त्यांच्यावर काही उभं राहणार नाही.

मी सरांना म्हटलं, बाद करायच्या आधी मामांना विचारते. तुमची तब्येत बरी नव्हती का? दुकानात गर्दी होती का? डिसेंबरात ते दोन काटे होते तेव्हा तुमची ओढाताण झाली असेल तर मी समजू शकते. जे झालं असेल ते कळवा, म्हणजे पुढचं ठरवता येईल.

मामींना नमस्कार. रागावू नका. रागावलात तरी उत्तर पाठवा.

तुमची,
गुंज


दि. २३ जानेवारी

श्रीमती संशोधक यांस, स. न. वि. वि.

आपलं पत्र पावलं. आपण केलेल्या चौकशीबद्दल आभारी आहे.

माझी तब्येत उत्तम आहे. दुकानात गर्दी असते, तशी ती नेहमीच असते. आपल्या फिल्टरला माझ्या गच्चीवर शिळं होण्याची संधी आजपर्यंत मिळालेली नाही. आपण सुशिक्षित आहात, तेव्हा आपल्याच घरातला एक साधा शब्द आपल्याला वाचता येऊ नये, याचं नवल वाटलं. त्याचा अर्थ सांगत बसणं मला शोभणार नाही.

आपलं यंत्र कधी न्यायचं ते कळवावं. तोवर ते बंद करून, वर कापड टाकून ठेवलं आहे. पितळी स्क्रू घरचे आहेत, ते काढून घेतले जातील.

आपल्या अधिकारी मंडळींस नमस्कार.

आपला नम्र,
काटे दुरुस्त करणारा


दि. ३० जानेवारी

चि. काटेकोर यांस अक्काचे आशीर्वाद. कमी भरले तर कळव.

श्रीमती म्हणालास तिला? जन्मली तेव्हा तुझ्या दुकानातल्या काट्यात घालून, गुंजेएवढी आहे गुंजेएवढी, म्हणून गल्लीभर सांगत सुटला होतास, तिला श्रीमती? आपण, आपलं, आपल्याला! मी ते पत्र वाचलं आणि आधी हसले. मग पोरीकडे बघितलं. ती हसत नव्हती. पानावरून तशीच उठली. मला म्हणाली, आई, मामा मला परत तू म्हणणार नाहीत का? तिशीची घोडी, पण विचारलं असं की शाळेतून रडत आली आहे.

आता माझं ऐक, आणि मध्ये बोलू नकोस. पत्रात मध्ये बोलता येत नाही, ही त्यातली मोठी सोय आहे.

तिला शिळा वारा कुठून ठाऊक असणार? बाबा गेले तेव्हा ती पाळण्यातसुद्धा नव्हती. मी बंदर सोडून इथे आले. इथे वाऱ्याला नावंच नाहीत रे, फक्त पंख्याला आकडे आहेत. बाबा धक्क्यावर दोर वळत बसायचे ते तू आणि मी पाहिलंय. सकाळी वारा जमिनीकडून निघायचा, गावाचा आणि बोटींचा सगळा धूर घेऊन समुद्रावर जायचा, तिथे उन्हात भटकायचा आणि दुपारी तोच परत यायचा. बाबा नाक वर करून म्हणायचे, सकाळचंच पुन्हा वाढलंय, शिळा आहे. आणि कधी बाहेरच्या समुद्रावरून सरळ आलेला असला की म्हणायचे, ताजा. हे शब्द त्या धक्क्यावर बाबांचे आणि घरात आपल्या दोघांचे. तिसऱ्याला त्यांचा पत्ता नाही. फिल्टरही शिळा होतो आणि वाराही शिळाच होतो, मग तिने काय समजावं?

हे मी तिला काल सांगितलं. तिने हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाली, आई, पुन्हा सांग. मी पुन्हा सांगितलं. तशी जागेवरून उठली आणि चप्पलही धड न घालता प्रयोगशाळेत पळाली. म्हणजे तुझ्या शब्दात काहीतरी आहे बघ.

तू लहानपणी रुसलास की कोठीघरात जाऊन बसायचास आणि आपल्याला कुणी बोलवायला येतंय का ते फटीतून बघायचास. मीच यायची. आताही आले आहे. बाहेर ये आणि पाहुण्यावरचं कापड काढ.

माझा लोभ तुझ्यावर आहेच, तो रागावण्याच्या आड येत नाही.

तुझी,
अक्का


दि. ३१ जानेवारी

ती. स्व. मामांस तुमच्या गुंजेचा सा. न. वि. वि. (श्रीमती कोण ते मला माहीत नाही. त्यांचं पत्र चुकून माझ्याकडे आलं.)

आईने आजोबांचा शिळा वारा सांगितला आणि माझी झोप उडाली. मी पाकिटांवरच्या शब्दाला फिल्टरचं विशेषण समजले, तुम्ही ते वाऱ्याचं लिहिलं होतं. रकाना वाऱ्याचाच होता, हेही मी पाहिलं नाही. माझं चुकलं. पण मामा, विचारलं ते चुकलं असं मला अजून वाटत नाही. न विचारता पाकिटं बाद केली असती तर तुम्हाला कधी कळलंही नसतं, आणि मलाही.

आता ऐका. मी सगळे आकडे पुन्हा काढले. त्या पाकिटांत क्लोरीन गेलंय, पण सोडियम जागच्या जागी आहे. फिल्टर ओला झाला असता, धुतला गेला असता, तर दोन्ही गेली असती. एकच गेलं, दुसरं राहिलं, आणि गेलेल्याच्या जागी नायट्रेट येऊन बसलंय. हे मी सरांना दाखवलं. त्यांनी आईचा शिळा वारा नीट ऐकून घेतला, मान डोलावली आणि म्हणाले, सुंदर आहे. पण हा बदल वाऱ्यात झाला की काढल्यावर पडून राहिलेल्या फिल्टरवर झाला, हे या आकड्यांवरून सांगता येत नाही. तुमच्या मामांवर तुमचा विश्वास आहे, तो प्रबंधात कसा लिहिणार?

त्यांचं म्हणणं बरोबर आहे. म्हणून मी उपाय शोधला, आणि तो तुमच्याच दुकानात सापडला. मी सुट्टीत स्टुलावर बसून बघायची तेव्हा तुम्ही काट्याचा पासंग कसा पकडायचात? काटा खोटा आहे की वजन खोटं हे कळत नसेल तर पारडी बदला, म्हणायचात. डावीकडचं उजवीकडे, उजवीकडचं डावीकडे. मग खोटेपणा जिथला असेल तिथेच राहतो आणि सापडतो.

सोबत दुसरं लहान यंत्र पाठवते आहे. एक बंदराच्या दगडी बांधाच्या टोकावर लावा, जिथे लाट फुटते आणि कण नुकतेच जन्मलेले असतात. दुसरं तुमच्या गच्चीवर, जिथे धुरात भटकून आलेले पोचतात. दोन्ही एकाच दिवशी, शिळ्या वाऱ्यात. दोन्ही तुमच्याच हातांनी, त्याच चिमट्याने, त्याच डब्यात. मग पुढच्या शिळ्या दिवशी यंत्रांची अदलाबदल करा. दोष हाताचा असेल तर दोन्हीकडे दिसेल. यंत्राचा असेल तर यंत्रामागे जाईल. पण दोष वाऱ्याचाच असेल तर तो गच्चीवरच राहील, यंत्र कुठलंही असो.

वारे फिरायच्या आत हे झालं तरच उपयोग आहे. सरांनी तेवढी मुदत दिली आहे, पुढची नाही. तुम्ही नाही म्हणालात तरी मला समजेल. फक्त नाही म्हणताना मला तू म्हणा.

तुमची,
गुंज


दि. २० फेब्रुवारी

चि. गुंजेस अनेक आशीर्वाद. श्रीमतींचा पत्ता सापडला नाही, तेव्हा यापुढे पत्रं तुलाच येतील.

अक्काचं पत्र आधी आलं, तुझं मागून. दोन्ही वाचून मी पाहुण्यावरचं कापड काढलं. मामीने विचारलं, शिळा झाला का? 

कामाचं सांगतो. बांधाच्या टोकावर लाल दिवा आहे. त्याची देखभाल करणारा दिवेवाला माझं जुनं गिऱ्हाईक, त्याचा मासे तोलायचा काटा मीच दुरुस्त करून देतो. त्याने दिव्याच्या खोलीतून वीज दिली. यंत्र कशासाठी, म्हणून त्याने विचारलं. मी म्हटलं, भाची मीठ मोजते. तो म्हणाला, एवढ्या समुद्रात? मग बिचाऱ्याने तुझ्याविषयी कळवळून विचारलं, पोरीचं लग्न झालंय का.

टोकावर पाणसळ लावणं सोपं नव्हतं. दगड ओबडधोबड, आणि वर लाटेचा मारा. शेवटी खाली शिशाच्या पट्ट्या घालून सपाट केलं. फिल्टर बदलताना वाऱ्याकडे पाठ करून, कोटाच्या आत हात घालून बदलला. तुम्ही पाठवलेला एक कोरा फिल्टर यंत्राला न लावता दोन्ही फेऱ्यांत नुसता सोबत फिरवला आणि तसाच पाकिटात घातला. तू सांगितलं नव्हतंस. पण माझ्या हाताने काही मिसळलं असेल तर त्याच्यावरही दिसेल.

शिळा वारा मनासारखा लवकर मिळेना. रोज सकाळी गच्चीत जाऊन बघायचो की धूर कुठे जातो. सरळ वर गेला किंवा आत वळला तर काम नाही. एके दिवशी बोटींचा धूर गुपचूप समुद्राकडे निघाला, आणि दुपारी तोच नाकात आला. बाबांची आठवण झाली. दोन्ही यंत्रं चालवली. नंतरच्या तशाच दिवशी पारडी बदलली, म्हणजे लहान यंत्र गच्चीवर आणि पाहुणा बांधाच्या टोकावर. एवढं जड धूड दिवेवाल्याने आणि मी हातगाडीवरून नेलं. वाटेत तो म्हणाला, मीठ नेमकं कुणाच्या घरचं आहे?

पाकिटांवर लिहिलंय ते वाच: शिळा, आणि त्यापुढे, वारा, फिल्टर नव्हे. दिशाही लिहिली आहे. माझं मीठ गळण्याचं म्हणणं मात्र कायम आहे. टोकावर ओठ खारट लागतात, गच्चीवर फिके.

निकाल काय येईल तो येवो. लोभ दुसऱ्या पारड्यात घालूनही तेवढाच भरला.

तुझा,
मामा


दि. १४ मार्च

ती. स्व. मामांस, आणि या खेपेला दिवेवाल्यांसही, सा. न. वि. वि.

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. टोकावरच्या फिल्टरवर मीठ बहुतेक समुद्रात असतं तसंच, क्लोरीन जवळपास पूर्ण. त्याच दिवशीच्या गच्चीवरच्या फिल्टरवर क्लोरीन निम्म्याहून कमी आणि नायट्रेट भरपूर. यंत्रं बदललीत, तरी टोक टोकासारखं आणि गच्ची गच्चीसारखी. तुमचा कोरा फिल्टर कोराच राहिला. तो मी सरांपुढे ठेवला आणि हा मी मागितला नव्हता असं सांगितलं. ते बराच वेळ त्या पाकिटाची घडी बघत होते. मग म्हणाले, यंत्र तिथेच राहू द्या. पुढचा मोसमही घ्या. आणि तुमच्या मामांना माझा नमस्कार कळवा, मी विचारलं ते विचारायलाच हवं होतं हेही कळवा.

आता काय घडतं ते ऐका. गावाच्या आणि बोटींच्या धुरातला वायू उन्हात आम्ल होतो. ते आम्ल मिठाच्या कणात शिरतं, सोडियमला धरून बसतं आणि क्लोरीनला बाहेर काढतं. क्लोरीन हायड्रोजनच्या सोबतीने वायू होऊन निघून जातं. घर तेच, भाडेकरू बदललेला. वारा जितका धुरात भटकेल तितकं हे जास्त. आणि लहान कणांत मोठ्यांपेक्षा लवकर.

तेव्हा मामा, एक सांगायचं आहे, रुसणार नसाल तर. मीठ वाटेत गळतं हे तुमचं म्हणणं पुरतं खरं नाही. मोठे थेंब टोकाजवळ पडतात, तेवढं खरं. पण गच्चीवर पोचलेल्या कणांत सोडियम आहेच. मीठ हरवलं नाही, ते मीठ राहिलं नाही. आता ते सोडियम नायट्रेट आहे, फटाक्यांच्या दारूतल्या सोऱ्याच्या घराण्यातलं. आजोबांनी त्याला शिळा म्हटलं ते बरोबरच होतं. आमच्या प्रयोगशाळेत आता सकाळी सर येऊन विचारतात, आजचं पाकीट ताज्याचं की शिळ्याचं?

तुमचं श्रीमतींना लिहिलेलं पत्र मी जपून ठेवलंय. आई म्हणते फाडून टाक. मी म्हटलं, त्या पत्रावाचून तू मला शिळा वारा सांगितलाच नसतास.

तुमच्या उपकारांचं वजन करायचं नाही असं ठरवलंय, काटा तुमचाच लागेल.

तुमची,
गुंज


दि. २२ मार्च

चि. गुंजेस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दुकानात उभ्यानेच वाचलं. गिऱ्हाईक समोर होतं, त्याला थांब म्हटलं. मग मामीला वाचून दाखवलं, मग बांधाच्या टोकावर जाऊन दिवेवाल्याला. तो म्हणाला, म्हणजे मीठ मीठ नव्हतं? मी म्हटलं, होतं, वाटेत बदललं. त्याने मान हलवली आणि म्हणाला, पोर हुशार आहे, मामाचं तोंड बंद केलं.  तोंड बंदच होतं.

गळण्याचं म्हणणं मी मागे घेतो. इतकी वर्षं ओठावर जीभ फिरवून मी सोरा चाखत होतो आणि वर त्यावर मत देत होतो. लहान कण लवकर बदलतात हे मात्र मला सांगावं लागलं नसतं. कानशीचा बारीक कीस आणि लोखंडाचा तुकडा शेजारी ठेव, आधी कीस गंजतो. तो उघडा जास्त असतो. पण तुझ्या मिठावर हे लावून बघावं असं मला सुचलं नाही, हेही खरं.

पाहुण्याला पुन्हा गच्चीवर आणला. यावेळी स्क्रूखाली पितळी चकत्याही घातल्या, कारण आता तो पाहुणा राहिलेला नाही.

एक गोष्ट बरेच दिवस मनात आहे. माझ्या दुकानात दोन तऱ्हेची माणसं येतात. एक जण दुरुस्त काटा घेऊन जातो, तो खरा आहे की नाही विचारत नाही, आणि मनात खोट आली तर पुन्हा येत नाही. दुसरा समोर उभा राहून म्हणतो, पारडी बदलून दाखवा. दुसऱ्यावर मी मनातून चिडतो, तरी त्याच्याचमुळे माझे काटे खरे राहिले. हे मला कळतं. पण काट्याच्या जागी मी आलो तेव्हा मला हे आठवलं नाही, तुला आठवलं. तू पाकिटं मुकाट बाद करून मामा आता थकला असं म्हणाली असतीस, तर मी कुणाच्याही नकळत खोटा ठरलो असतो. तू विचारलंस. सरांनीही विचारलं. त्यांना माझा नमस्कार सांग, आणि त्यांनी विचारायलाच हवं होतं, असं मीही म्हणतो म्हणून सांग.

मध्यंतरी मी तुला रागाने आपण म्हटलं, मान म्हणून नव्हे, मारायला म्हणून. आता तेच एकदा खऱ्या अर्थाने करायचं आहे. अक्काला दाखवू नकोस, हसेल. पुढच्या पत्रापासून सगळं पहिल्यासारखं होईल. या एका पत्रापुरती पारडी बदलतो: सा. न. माझा, आशीर्वाद तुझा.

आपला,
मामा